शेवंतीला द्यायचं आहे, पण सोडवत नाही

ताई, नमस्कार.

माझ्याकडे शेवंती नावाची कोंबडी आहे, चार वर्षांची. पिल्लू होती तेव्हापासून माझ्या हातावर वाढलेली. तिच्या सोबत वाढलेली दुसरी कोंबडी गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून ही एकटीच आहे आणि बहुधा मलाच सोबतीण समजते. पहाटे मी ध्यानाला बसले की शेजारी येते आणि आसनाच्या कडेचा सुटलेला दोरा चोचीने ओढत राहते. दोन महिन्यांनी आम्ही घर बदलतोय. नव्या घरी पक्षी ठेवायला परवानगी नाही. तिला कोणाला तरी द्यावं लागणार हे कळतंय, पण विषय निघाला की मला रडू येतं.

मी काही वर्षं ध्यान करते, धम्माचं वाचनही आहे. आमच्या ध्यानगटात हे बोलले, तर एक ज्येष्ठ साधक म्हणाले, "सगळं अनित्य आहे, सोडून द्या. भवचक्राच्या, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याच्या चित्राच्या, मधोमध आसक्तीचं चिन्ह म्हणून कोंबडाच काढतात, ते काय उगीच?" सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन रडले. एका कोंबडीपायी ही अवस्था होत असेल, तर इतक्या वर्षांची साधना खोटीच का म्हणायची? कधी वाटतं, कोणाला न सांगता नव्या घराच्या मागच्या गॅलरीत तिला ठेवावं. कधी वाटतं, शेवटच्या दिवसापर्यंत जवळ ठेवावं आणि मग डोळे मिटून देऊन टाकावं. आणि सगळ्यात जास्त छळतो तो प्रश्न म्हणजे, ती मला विसरेल का?

— एक साधिका

*

प्रिय साधिका,

तुमची साधना खोटी नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण बाकीच्या गोष्टींना काही ना काही मार्ग निघेल, पण ही शंका मनात धरून तुम्ही शेवंतीचा निरोप घ्यायला गेलात, तर तिच्याकडे लक्षच राहणार नाही. सगळा वेळ स्वतःची परीक्षा घेण्यात जाईल.

बुद्धाच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तातला, बुद्धाची सेवा करणारा शिष्य आनंद तुम्ही वाचला असेलच. कुसिनारेच्या शालवनात बुद्ध अखेरच्या शय्येवर आहेत आणि आनंद विहारात जाऊन दाराला धरून रडतोय. 25 वर्षं ज्यांची सेवा केली ते आता जाणार, आणि मला तर अजून कितीतरी शिकायचं राहिलंय, म्हणून. हा काही कच्चा साधक नव्हता. स्रोतापन्न झालेला, म्हणजे मुक्तीच्या वाटेची पहिली पायरी गाठलेला होता, बुद्धाची प्रवचनं त्याच्याइतकी कोणालाच पाठ नव्हती. अनित्यतेबद्दल त्याला कोणी नव्याने काही सांगावं अशी स्थितीच नव्हती. तरी रडला. बुद्धाच्या लक्षात आलं की आनंद दिसत नाही. त्यांनी बोलावून घेतलं. शोक करू नकोस, प्रिय त्या सगळ्याचा वियोग होतोच, हे मी सांगत आलोय ना, असं म्हणाले. पण तिथेच थांबले नाहीत. लगेच पुढे म्हणाले की तू कायेने, वाचेने, मनाने मैत्रीभावाने दीर्घकाळ माझी सेवा केलीस, तू मोठं पुण्य जोडलं आहेस. मग बाकीच्या भिक्खूंसमोर त्याचे गुण सांगितले. अनित्यतेचा उपदेश आणि प्रेमाने केलेल्या सेवेची कदर, दोन्ही एकाच प्रसंगात आहेत. तुमच्या गटात पहिली गोष्ट सांगितली गेली आणि दुसरी राहून गेली. त्या ज्येष्ठांच्या मनात वाईट काही असेल असं मला वाटत नाही, पण जमलं तर त्यांना सांगा की ते हसू तुम्हाला लागलं. ध्यानगटात एवढं बोलता यायला हवं.

आता तो भवचक्रातला कोंबडा. चित्राच्या मध्यभागी कोंबडा, साप आणि डुक्कर एकमेकांची शेपटी तोंडात धरून फिरत असतात. कोंबडा आसक्तीचा, साप द्वेषाचा, डुक्कर मोहाचं, म्हणजे अज्ञानाचं. ही तिन्ही बघणाऱ्याच्या मनातली आहेत. अंगणातल्या जिवंत कोंबडीवर त्याचा काही ठपका येत नाही, आणि तिच्यावर जीव लावणं म्हणजे आपोआप आसक्ती असंही होत नाही. आसक्ती आहे का, ते बघायचं असेल तर तुमच्याच पत्रात बघू. तिला दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागणार म्हणून रडू येतं, यात मला माया दिसते. पण कोणाला न सांगता गॅलरीत ठेवावं, शेवटच्या दिवसापर्यंत सोडू नये, या दोन विचारांमध्ये मात्र शेवंतीचं काय होईल हा प्रश्नच नाही. तिथे फक्त तुमचं काय होईल, एवढंच आहे. थोडं कठोर वाटेल, पण तुम्ही इतक्या मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मीही मोकळेपणाने लिहितेय.

अंगुत्तर निकायात, बुद्धाच्या उपदेशांच्या एका संग्रहात, पाच गोष्टींचं नित्य चिंतन सांगितलंय, स्त्री असो वा पुरुष, गृहस्थ असो वा भिक्खू. म्हातारपण मला टळणार नाही. आजारपण टळणार नाही. मरण टळणार नाही. मला जे जे प्रिय, जे जे मनाजोगतं, त्या सगळ्यापासून मला वेगळं व्हावं लागणार. हे चौथं. लोक बहुतेक वेळा इथेच थांबतात. पाचवं असं आहे की मी माझ्या कर्माचा धनी आहे, त्याचाच वारसदार आहे, बरंवाईट जे करेन ते माझ्याच वाट्याला येईल. मला या दोन चिंतनांचं शेजारी शेजारी असणं फार महत्त्वाचं वाटतं. ताटातूट ठरलेली आहे, ती तुमच्या हातात नाही. पण ती कशी करायची ते पूर्णपणे तुमच्या हातात आहे आणि त्याची जबाबदारीही तुमचीच आहे. "सगळं अनित्य आहे" म्हणून मिळेल त्याच्या हातात कोंबडी ठेवून मोकळं होणं हा चौथ्याच्या आड लपून पाचवं टाळण्याचा प्रकार झाला. डोळे मिटून देऊन टाकणं म्हणजे तेच. देताना डोळे उघडे हवेत.

गॅलरीचा विचार सोडा. परवानगीचा प्रश्न तर आहेच, लपवाछपवीचा आहेच, पण शेवंतीच्या बाजूने बघितलं तरी ते बरोबर नाही. कोंबडी कळपात राहणारा जीव आहे. माती उकरायला लागते, धुळीत लोळायला लागतं. दुपारी कोंबडी कोरड्या मातीत खड्डा करून कुशीवर पडते, पंखांनी धूळ अंगावर ओढून घेते, पिसं फुगवून ती मुळापर्यंत पोचू देते, मग उठून अंग झाडते आणि धुळीचा ढग उडतो. यानेच तिच्या पिसांतलं तेल आणि उवा-गोचीड आटोक्यात राहतात. फरशीवर हे व्हायचं नाही. शिवाय सोबतीण गेल्यापासून ती वर्षभर एकटी आहे. तुम्ही तिला माया दिलीत, पण रात्री दांडीवर अंगाला अंग लावून बसायला कोंबडीच लागते. घर बदलणं तुमच्यासाठी वियोग आहे. तिच्यासाठी, नीट केलं तर, पुन्हा कळप मिळण्याची संधी आहे.

शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याचा विचारही सोडा. मला सगळ्यात जास्त आग्रहाने सांगायचंय ते हेच. दोन महिने हातात आहेत, तर तिला या आठ-दहा दिवसांतच द्या. कारण नव्या ठिकाणी आधीच्या कोंबड्या असतील, तर शेवंतीला पहिले सुमारे चार आठवडे त्यांच्यापासून वेगळं ठेवावं लागेल. वरून ठणठणीत दिसणारी कोंबडीही रोग घेऊन येऊ शकते, आणि तिलाही तिथला रोग लागू शकतो. त्यानंतर आठवडाभर मधे जाळी ठेवून, एकमेकींना दिसतील पण चोच पोचणार नाही असं. मग एकत्र. हे सगळं तुम्ही जवळ असताना झालं, तर काही बिनसल्यास तुम्ही तिला परत आणू शकता, दुसरी जागा बघू शकता. सामानाच्या गाडीसोबत तिला कोणाच्या दारात उतरवून निघून गेलात, तर ती वाट बंद होते. आत्ता सोडलंत तर ते तिच्या सोयीने सोडणं होईल. माझ्या मते तुमच्या साधनेची या क्षणी काही परीक्षा असेलच, तर ती इथे आहे, रडू येण्यात नाही.

जागा कशी शोधायची? आधीच तीन-चार कोंबड्या पाळणारं, त्यातली एखादी तरी म्हातारी झालेली असलेलं घर शोधा. म्हातारी कोंबडी दिसली की समजायचं, इथे अंडी थांबल्यावरही ठेवतात. आणि प्रश्न स्पष्ट विचारा. अंडी देणं थांबल्यावर तुम्ही काय करता? कापता का? संकोच करू नका. चार वर्षांच्या कोंबडीची अंडी कमी झालेलीच असतात, पण ती अजून बरीच वर्षं जगू शकते. साधारण 5 ते 8 वर्षं आयुष्य असतं, काही दहाच्या पुढेही जातात. शिवाय जागा बदलली की त्या ताणाने अंडी काही दिवस, कधी काही आठवडे पूर्ण बंद होतात, पिसंही झडू शकतात. हे आधी सांगितलं नाही, तर घेणाऱ्याला वाटेल की फसवून निकामी कोंबडी गळ्यात मारली. ही अंड्यांसाठी नाही, जगण्यासाठी देतेय, असं तोंडाने म्हणा आणि समोरच्याचा चेहरा बघा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं घर शोधा.

कोणी सांगेल की रानात सोडा, एखाद्या विहाराच्या आवारात सोडा, प्राणी मुक्त केल्याचं पुण्य लागतं. बौद्ध देशांत जीव सोडण्याची प्रथा आहे हे खरं, पण माणसाच्या हातावर वाढलेली कोंबडी रानात फार काळ टिकत नाही. मुंगूस, कुत्रा, मांजर, कोणीतरी गाठतंच. ते सोडणं नव्हे, टाकून देणं आहे.

इतक्या बारकाव्यात शिरणं आसक्तीचं लक्षण वाटतंय का? मग सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख आठवा. राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर कोरवलेला. कुठले प्राणी मारू नयेत याची लांबलचक यादी त्यात आहे, पिल्लांना पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांना मारू नये असं आहे, एका जिवावर दुसरा जीव पोसू नये असं आहे, आणि कोंबड्यांचं खच्चीकरण करू नये असंही चक्क लिहिलेलं आहे. केवढ्या मोठ्या साम्राज्याचा राजा, आणि दगडावर कोंबड्याच्या वाट्याला एक ओळ. करुणा म्हणजे नुसती भावना असती तर त्याला एवढं तपशिलात जायची गरज नव्हती.

नेण्याचा दिवस असा ठरवा की ऊन नसेल. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. हवा खेळेल अशी भोकं पाडलेला खोका, तळाला सुकं गवत. अंधारात ती शांत असते, म्हणून झोपलेली असताना दांडीवरून उचलून खोक्यात ठेवणं सगळ्यात सोपं. तिचं नेहमीचं खाद्य सोबत द्या आणि हळूहळू, आठवडाभरात बदलायला सांगा. नव्या खुराड्यात काही दिवस तिला कोंडूनच ठेवावं लागतं. क्रूर वाटतं, पण त्याशिवाय संध्याकाळी झोपायला कुठे यायचं हे तिला कळत नाही.

कळपात सोडल्यावर चोची मारल्या जातील. हे तुम्हाला बघवणार नाही, म्हणून आधीच सांगते. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला चोच मारणार आणि कोण गप्प बसणार, याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलेइफ शेल्डरुप-एब्बे यांनी तिचं वर्णन 1921 च्या सुमारास केलं, पण कोंबड्या पाळणाऱ्यांना ती कधीपासूनच ठाऊक होती. नवी आली की सगळी उतरंड नव्याने लागते आणि नवीला तळाची पायरी मिळते. दाण्यापाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवली, आडोशाला जागा असली, तर काही दिवसांत निवळतं. रक्त दिसलं मात्र, तर लगेच वेगळं काढायचं, कारण लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच चोच मारत राहतात. घेणाऱ्याशी हे बोलून ठेवा. त्यांना माहीत असेल तर उत्तमच.

आता तुमचं. मघाशी भवचक्रातल्या कोंबड्याबद्दल लिहिलं, पण त्याच धम्मात कोंबडीचा एक दाखला साधनेसाठीही आलाय, आणि तो तुमच्या गटात कोणाला आठवला नाही याचं मला वाईट वाटलं. बुद्ध म्हणतात, समजा कोंबडीची आठ, दहा किंवा बारा अंडी आहेत. ती त्यांच्यावर नीट बसली, त्यांना नीट ऊब दिली, तर आपली पिल्लं नखाने किंवा चोचीने कवच फोडून सुखरूप बाहेर यावीत असं तिच्या मनात आलं नाही, तरी ती बाहेर येतात. आणि ती नीट बसलीच नाही, तर कितीही मनात आणलं तरी येत नाहीत. चित्ताच्या मुक्तीचंही तसंच, ती इच्छा केल्याने येत नाही, भावना, म्हणजे प्रत्यक्ष साधना, केल्याने येते. तुम्ही गेले काही दिवस "सुटावं, सुटावं" म्हणून मनाला टोचताय आणि सुटत नाही म्हणून स्वतःला दोष देताय. ते थांबवा. तुमचं बसणं म्हणजे या महिन्यातली ही सगळी कामं. घर शोधणं, प्रश्न विचारणं, खोक्याला भोकं पाडणं, आणि पहाटेचं ध्यान. सुटणं त्यातून आपल्या वेळेने येईल.

पहाटे बसल्यावर रडू आलं तर येऊ द्या आणि तिथेच लक्ष न्या. घसा दाटतो, छातीत जड होतं, काही क्षण वाढत जातं, मग ओसरतं, मग पुन्हा शेवंतीची काहीतरी आठवण येते आणि पुन्हा भरून येतं. अनित्यता बघायची तर ती इथे बघा. दुःखाला गप्प करायला तो शब्द वापरला की दुःख नुसतं दबतं, आणि त्यावर "मला रडू का येतं" हे दुसरं दुःख चढतं. बाण एक लागलाय, दुसरा आपणच मारून घ्यायचा नाही, असं बुद्धांनी सांगितलंय ते याचसाठी.

ध्यानाच्या शेवटी मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं व्हावं असं चिंतन, करत असाल, तर सुरुवात शेवंतीपासून करा, ते सोपं आहे. मग तिच्या नव्या घरच्या माणसांसाठी. आणि मग त्या अजून न पाहिलेल्या कोंबड्यांसाठी, ज्या तिला चोची मारणार आहेत. हे जड जाईल. तरी करा, कारण तिचं पुढचं आयुष्य त्यांच्या सोबतीत जाणार आहे.

ती तुम्हाला विसरेल का? कोंबड्या आपल्या कळपातल्या एकेकीला चेहऱ्यावरून, तुऱ्यावरून ओळखतात, आणि रोज दाणे देणाऱ्या माणसाला ओळखतात हे तुम्हाला मी सांगायला नको. पण काही आठवड्यांची ताटातूट झाली की जुन्या सोबतिणींशीही त्या पुन्हा अनोळख्यासारख्या वागतात आणि ओळख नव्याने करून घेतात. तेव्हा काही महिन्यांनी तुम्ही गेलात आणि ती धावत आली नाही, तर ती कृतघ्न झाली असं समजू नका, आणि तुमच्या चार वर्षांचं काहीच उरलं नाही असंही नाही. माणसाला न बिचकणारी, हातातून दाणा घेणारी कोंबडी तुम्ही त्या घराला दिलीत. तिचं ते धीट वागणं तुमच्याकडे घडलेलं आहे आणि ते तिच्यासोबत जातंय.

वेगळं ठेवलेलं असेल तोवर आठवड्यातून एकदा फोन पुरे, खातेय का आणि विष्ठा ठीक आहे का, एवढं विचारा. कळपात सोडल्यावर पहिले पंधरा दिवस भेटायला जाऊ नका, तिला तिथल्या कोंबड्यांकडे बघू दे. नंतर जाल तेव्हा तिला उचलून बाजूला घेऊन एकटीला खाऊ घालू नका, तुमची पाठ वळल्यावर त्याची किंमत ती चोची खाऊन मोजेल. दाणे न्यायचेच असतील तर सगळ्या कळपाला पुरतील इतके न्या आणि लांबवर पसरून टाका.

— तुमची ताई